पाणी आलं होतं

मल्लेशम म्याकल, वय एक्केचाळीस.
टॉवेलच्या कारखान्यात अठरा वर्षं उभा.
कंबर धरली की मेडिकलमधली लाल गोळी,
चहाबरोबर, रोज.
सोनोग्राफीत किडन्या दिसल्या
उन्हात विसरून राहिलेल्या खारकांसारख्या.

आठवड्यातून तीनदा तो चार नंबरच्या मशीनला.
स्टेथोस्कोप गळ्यात असतो,
तरी मी त्याच्या डाव्या हाताला नुसता कान लावते.
कातडीखाली फिस्टुला घुमतो.
"लूम चालू हाय ना, मॅडम?"
चालू आहे.

मी गुहागरची. पाणी मोजायचं असतं
हे मला इथं येऊन कळलं.
चोवीस तासांत अर्धा लिटर, मी त्याला सांगते,
चहा, दूध, आमटी सगळं धरून.
आणि शेंगाचटणी बंद.
सोलापुरात हे सांगायला डिग्री नाही, छाती लागते.
तो हसला,
मग राजमणीकडे बघून गप्प झाला.
तिनं पेल्यावर नेलपॉलिशची रेघ ओढलीय.

एप्रिल. खिडकीचे गज हात लावू देत नाहीत.
तो बर्फाचा खडा जिभेवर ठेवतो
आणि लवकर संपेल म्हणून बोलत नाही.

भिंतीपलीकडे आरओ प्लांट गुरगुरतो.
एका माणसाच्या चार तासांना
सव्वाशे लिटर पाणी.
प्लांटनं नाकारलेलं मागच्या नळीनं गटारात जायचं,
राजमणीनं पहिल्याच आठवड्यात तिथं कॅन लावला.
आता सहा असतात, रांगेनं,
झाकणांवर नावं.

मंगळवारी तो आला नाही.
गुरुवारी आला, रिक्षात पुढं वाकून,
आडवं होता येत नव्हतं.
पोटॅशियम सात पॉइंट दोन,
ईसीजीवर टी-लाटांचे तंबू.
मी कॅल्शियम देत होते आणि ओरडत होते,
मरायचंय का, किती वेळा सांगायचं,
एक खाडा चालणार नाही म्हणून!
त्याला श्वास पुरत नव्हता.
राजमणी बोलली.
"पाणी आलं होतं."

पाचव्या दिवशी येतं, तासभर.
ती विड्यांचा माल द्यायला गेलेली,
पोरीची वार्षिक परीक्षा.
पिंपं कुणी भरायची?
त्यानं भरली, सगळी,
एकट्या उजव्या हातानं,
कारण डाव्यानं वजन उचलू नको
असं मीच त्याला बजावलं होतं.

फाइलीत मी लिहिलं,
डायलिसिस चुकलं. कारण: पाणी आलं होतं.
राउंडला सरांनी वाचून पेन काढलं, रेघ मारली.
"नॉन-कम्प्लायंट लिही. हे काय कारण झालं?"
सर वाईट नाहीत.
त्यांच्याकडे बोअर आहे.

नीळ्ळु. भूदेवी सिस्टरनी शिकवलेला शब्द.
"तेलुगूत पाणी कायम अनेकवचनी, मॅडम.
एक पाणी असं नसतंच."
सिस्टरनीच महापालिकेचं वेळापत्रक आणून
रोस्टरशेजारी डकवलं.
साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल.
त्यावरून मी पेशंटचे वार बदलते,
आणि महापालिका, न सांगता, पाण्याचा.

काल रात्री अडीचला माझ्या खोलीतला नळ
आधी नुसता सुसकारला.
उठून बादली लावली.
लाइट गेलेली. पाइपवर हात ठेवला,
आत काहीतरी घुमायला लागलं होतं.
बादली भरून वाहिली
तरी हात काढायचं सुचलं नाही.

सकाळची पाळी. चार नंबर.
काट्यावर कोरड्या वजनापेक्षा अडीच किलो जास्त.
मी वर बघायच्या आत
तो म्हणाला,
"काल कढी होती."